गेटवर गोण्या रचल्या, तरी नहाणीतून पाणी आलंच: बडोद्यातल्या सोसायट्यांसाठी

कारेलीबाग, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या पट्ट्यातल्या तळमजल्यांची दर पावसाळ्यात एकच तक्रार असते: गेट लावलं, वाळूच्या गोण्या रचल्या, पंप चालू ठेवला, तरी घरात पाणी. बऱ्याचदा गोण्यांचा काही दोष नसतो. पाणी गेटमधून आलेलंच नसतं, ते ड्रेनेजच्या पाइपातून उलटं वर चढलेलं असतं. म्हणून एक रुपया खर्च करण्याआधी आपल्याकडे पाणी कुठल्या वाटेने आणि किती पातळीला पहिल्यांदा शिरतं ते नक्की करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र पहिला ठराव गेट उंच करण्याचा होतो, कारण गेट सगळ्यांना दिसतं.

आधी पाणी ओळखा

सर चालू असताना रस्ता भरला आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत ओसरला, तर ते तुंबलेल्या जाळ्यांचं, कॅचपिटचं (रस्त्याकडेचा पावसाचं पाणी उतरायचा खड्डा) किंवा जवळच्या कांसेचं (पावसाचं पाणी नदीला नेणारा नाला) पाणी. हा त्यातल्या त्यात सोपा आजार.

पाऊस थांबलाय, ऊन पडलंय आणि तरी पाणी चढतंय, तर ते नदीचं. पावागडकडून येणारी विश्वामित्री वाटेत आजवा आणि प्रतापपुरा या तलावांतून सोडलेलं पाणी घेऊन शहरात शिरते. वर पडलेल्या पावसाला इथे पोचायला वेळ लागतो, आणि खाली ती जिला मिळते ती ढाढर नदी भरलेली असेल तर विश्वामित्रीला पुढे सरकायला जागाच नसते. काळा घोडा पुलाजवळची धोक्याची पातळी २६ फूट. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिमीच्या आसपास पाऊस झाला आणि नदी ३४ फुटांवर गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३७ फुटांच्या आसपास पोचली, आणि पावसाचा जोर ओसरल्यावरही सखल वस्त्यांतलं पाणी हटायला दिवस लागले.

तिसरं पाणी वासावरून कळतं. रस्ता अजून कोरडा किंवा जेमतेम ओला असतो, पण तळमजल्याच्या नहाणीत (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं भोक) गुडगुड आवाज येतो, संडासाच्या भांड्यातली पातळी वरखाली होते, आणि मग काळं पाणी वर येतं. हे ड्रेनेजचं उलटं पाणी.

तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. नदी चढली की भुखी, मसिया, रूपारेल या कांसांची तोंडं पाण्याखाली जातात. मग शहरात साधी सर आली तरी ते पाणी नदीत उतरत नाही, रस्त्यावर साचतं, मॅनहोलच्या झाकणांतून ड्रेनेजमध्ये शिरतं आणि तिथून तुमच्या नहाणीत. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. त्याने नदीला जागा मिळाली, पण तुमची नहाणी रस्त्यावरच्या मॅनहोलपेक्षा खाली असेल तर ती अजूनही खालीच आहे.

पातळी मोजा: एक दुपार, एक नळी

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, १०–१२ मिमी व्यासाची, पंधरा-वीस मीटर. ती पाण्याने भरा, हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर मोजमाप दोन-तीन इंचांनी फसतं. रस्त्यावरच्या सगळ्यात जवळच्या मॅनहोलचं झाकण शून्य धरा आणि त्याच्या तुलनेत या जागा मोजा: कंपाउंडमधल्या चेंबरची झाकणं, तळमजल्याची नहाणी, संडासाच्या भांड्याची कड, जोत्याची पातळी, जमिनीखालच्या टाकीचं झाकण आणि तिचा ओव्हरफ्लो, मीटरबोर्डाची खालची कड, पंपाचा स्टार्टर, लिफ्टचा खड्डा.

मुख्य लाइन तुंबली की पाणी मॅनहोलच्या झाकणापर्यंत चढतं आणि तिथून रस्त्यावर पसरतं. त्या झाकणापेक्षा खाली असलेलं तुमच्या घरातलं प्रत्येक भोक उलट्या पाण्याची वाट आहे. रस्त्यावर आधीच फूटभर पाणी असेल तर शून्याच्या जागी अधिक एक फूट धरा. २०२४ च्या पाण्याची रेघ भिंतीवर शिल्लक असेल तर तीही याच कागदावर घ्या.

जुन्या सोसायट्यांत हमखास दिसतं ते असं: घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्याच्या वर होतं. मग डांबरावर डांबर चढत गेलं आणि आता रस्ता वर, जोतं खाली. पुढच्या वेळी रस्ता होणार असेल तर जुना थर खरवडूनच नवा टाका, अशी मागणी काम सुरू होण्याआधी वॉर्ड ऑफिसात लेखी द्या. रोलर फिरल्यावर दिलेल्या अर्जाचा काही उपयोग नाही.

उलटं पाणी: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि तो बसवूनही पाणी का येतं

कायमचा उपाय म्हणजे ड्रेनेजच्या पाइपात झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारा पण परत येऊ न देणारा. घराच्या लाइनला ११० मिमी, सोसायटीच्या एकत्र लाइनला बहुतेक ठिकाणी १६० मिमी. जागा कंपाउंडच्या आत, शेवटच्या चेंबरमध्ये. चेंबर निदान दोन फूट बाय दोन फूट हवं, म्हणजे हात घालून झडप साफ करता येते. व्हॉल्व्हवरचा बाण रस्त्याकडे. जुन्या मातीच्या पाइपाला जोडताना रबरी कॉलर वापरा. सिमेंटने लिंपलेला जोड दुसऱ्या पावसाळ्यात गळतो.

चुका बहुधा याच असतात.

व्हॉल्व्हच्या पुढे एखादं कनेक्शन राहून जातं. मागच्या बाजूची मोरी, वॉचमनचा संडास किंवा कपडे धुण्याची जागा थेट रस्त्याकडच्या पाइपाला जोडलेली असते, आणि पाणी तिथून येतं. बसवण्याआधी प्रत्येक नळाखाली थोडा रंग ओता आणि तो कुठल्या चेंबरमध्ये निघतो ते बघा.

गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं असतं. झडप बंद झाली की बाहेरचं पाणी थांबतं, पण गच्चीचं बाहेर जाऊ शकत नाही. १५० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस म्हणजे ३,७५० लिटर. तेवढं पाणी तुमच्याच तळमजल्यावर उलटतं. गच्चीचे पाइप आधी तोडून कंपाउंडच्या उतारावर सोडा, मगच व्हॉल्व्ह बसवा.

वरचे मजले फ्लश करत राहतात. ही सगळ्यात मोठी अडचण, आणि बरेच प्लंबर ती सांगत नाहीत. बारा फ्लॅट, अठ्ठेचाळीस माणसं, प्रत्येकी फक्त २० लिटर धरले तरी ९६० लिटर. ११० मिमीच्या वीस मीटर पाइपात मावतात दोनशेच्या आत. बाकीचं तळमजल्याच्या नहाणीतून वर येणार. यावर चांगला तोडगा म्हणजे दोन लाइन वेगळ्या करणं: वरच्या मजल्यांचा उभा पाइप व्हॉल्व्हशिवाय थेट बाहेर, आणि फक्त तळमजल्याची लाइन व्हॉल्व्हमधून. वरच्यांच्या पाण्याला उंचीचा रेटा असतो, त्यामुळे रस्त्यावर दोन फूट पाणी असलं तरी ते बाहेर ढकललं जातं. अट एकच, या लाइनवरच्या कंपाउंडमधल्या चेंबरांना बोल्ट आणि रबराची सीलबंद झाकणं हवीत, नाहीतर पाणी तिथून उसळतं. लाइन वेगळी करणं शक्य नसेल तर पाणी चढल्यावर वरच्या मजल्यांनी बाथरूम वापरायचं नाही हा नियम आधीच लावा. रात्री दोन वाजता जिन्यात भांडून तो लागू होत नाही.

झडपेत केस, चिंध्या, पॅड अडकतात आणि ती अर्धा इंच उघडी राहते. मे महिन्यात चेंबर उघडा, झडप बोटाने उचलून सोडा. ती सहज पूर्ण पडली पाहिजे. मग रस्त्याकडचं टोक बुचाने बंद करून झडपेच्या पुढच्या भागात पाणी भरा आणि दहा मिनिटं मागच्या बाजूला पाझर येतो का बघा. जूनमध्ये आणखी एकदा.

व्हॉल्व्ह नाही आणि पाणी आज रात्री येणार आहे

प्लंबिंगच्या दुकानात टेस्टिंगसाठी मिळणारे रबरी बूच असतात. मधला नट फिरवला की रबर फुगतं. ७५ आणि ११० मिमीचे दोन-दोन आणून ठेवा. नहाणीची जाळी काढून बूच आत बसवा. एक फूट पाण्याचा ११० मिमी पाइपाच्या तोंडावर अडीच-तीन किलोचा रेटा येतो, तीन फुटांचा आठ-साडेआठ किलोंचा. म्हणून चिंधी आणि वीट ठेवून काम भागत नाही, बूच नीट आवळावंच लागतं.

बूच नसेल तर ७५ मिमी पाइपाचा तीन फुटी तुकडा घ्या, टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळा आणि नहाणीत घट्ट उभा ठोका. पाणी या पाइपात बाहेरच्या पातळीएवढं चढतं आणि तिथेच थांबतं. वरून उघडा असल्याने पाइप उडवून लावण्याइतका रेटाही येत नाही. संडासाच्या भांड्यात जाड प्लास्टिकची पिशवी अर्धी वाळूने भरून दाबून बसवा, निदान दहा किलोची, आणि वर अजून एक. वॉशिंग मशीनचा आउटलेट विसरू नका. सगळी भोकं बंद केली आणि एक राहिलं तर सगळं पाणी त्यातूनच येतं.

रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उघडून पाणी "उतरवायला" जाऊ नका. मुख्य लाइन भरलेली असताना त्याने काहीही उतरत नाही, आणि गढूळ पाण्यात ते उघडं भोक कुणाला दिसत नाही. माणसं त्यात गेलेली आहेत.

आता गेट

गोणी अर्धी ते दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेल्या गोण्यांमध्ये फटी राहतात. तोंड बांधण्यापेक्षा दुमडून खाली दाबा. विटांसारखे सांधे मोडत रचा, प्रत्येक थर पायाने दाबा, आणि पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक जमिनीवर दोन फूट पुढे येईल असं अंथरून त्याच्या कडेवर गोण्या ठेवा. पाया उंचीच्या तिप्पट रुंद. दहा फुटी गेटला एक फूट उंचीसाठी सुमारे ६० गोण्या लागतात, दोन फुटांसाठी दोनशेच्या वर, तीन फुटांसाठी साडेचारशे. म्हणजे दोन फुटांच्या पुढे गोण्यांचा नाद सोडा. दरवर्षी लागत असेल तर गेटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी यू-चॅनेल बसवून त्यात रबर लावलेल्या अॅल्युमिनियमच्या किंवा मरीन प्लायच्या फळ्या सरकवा. फळ्यांवर नंबर टाका आणि त्या मीटररूमच्या वरच्या रॅकवर ठेवा, गच्चीवरच्या भंगारात नको.

नऊ इंची विटांची कंपाउंड भिंत धरण नाही. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ४०० किलोचा आडवा रेटा येतो. दोन फुटांच्या वर पाणी गेलं की अडवणं सोडा, फळी काढा आणि आत येऊ द्या. भिंत कोसळून एकदम घुसलेल्या पाण्यापेक्षा ते बरं.

पंप फिरतोय, पाणी हटत नाही

पंपाचा पाइप आतल्याच ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलेला असतो. तेच पाणी दहा मिनिटांत परत येतं, आणि पंप रात्रभर तेच पाणी गोल फिरवतो. पाइप भिंतीवरून बाहेर, उताराच्या बाजूला, टोकाला नॉन-रिटर्न लावून सोडा. शेजारच्या सोसायटीच्या गेटकडे नाही.

क्षमता अशी काढा: कंपाउंड ५०० चौरस मीटर, तासाला २५ मिमी पाऊस म्हणजे तासाला १२,५०० लिटर, मिनिटाला साधारण २१०. एक एचपीचा मड सबमर्सिबल (गढूळ पाण्यात बुडवून चालवायचा पंप) कमी उंचीवर एवढं फेकू शकतो, पण पाइप निदान दोन इंची हवा आणि वळणं कमी. सखल कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट, अडीच फूट खोल खड्डा करून पंप त्यात विटेवर ठेवा, भोवती जाळी. प्लास्टिकची एक पिशवी पंपाच्या फिरत्या पात्यांना गुंडाळली की संपलं.

पाणी चढलं की वीज कंपनी भागाची लाइन बंद करते, आणि ते योग्यच आहे. म्हणून पेट्रोलवरचा पंप हवा, किंवा जनरेटर. एक एचपीच्या मोटरला सुरू होताना कित्येक पट करंट लागतो, तेव्हा ३ केव्हीएच्या खालचा जनरेटर घेऊ नका. तो पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली चालवायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि वास न येता माणूस मारतो.

बेसमेंट भरलं असेल तर बाहेरचं पाणी ओसरल्याबरोबर सगळं उपसू नका. भोवतालची माती अजून पाण्याने फुगलेली असते आणि आतला आधार गेला की भिंत आत येते. एक फूट उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी वाढलेली दिसली तर अजून थांबायचं.

वीज, लिफ्ट, गॅस

जिन्याखालचा मीटरबोर्ड २०२४ च्या रेघेपेक्षा निदान दोन फूट वर हवा. मीटर हलवायला वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो. सील तोडून खाजगी वायरमनकडून करून घेऊ नका. तळमजल्याच्या प्लगांना वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) लावा, आणि नवीन वायरिंग छताकडून खाली आणा, जमिनीकडून वर नको. पाणी जोत्याला लागायच्या आधी मेन बंद. उशीर झाला आणि बोर्डाखाली पाणी असेल तर त्यात उतरून स्विच बंद करायला जाऊ नका, कंपनीला फोन करा.

लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. खालच्या खड्ड्यात बफर आणि लिमिट स्विच असतात. पाइपगॅसचा कॉक बंद, सिलिंडर असतील तर बांधून ठेवा, ते तरंगतात. ओसरल्यावर भिजलेली मोटर मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासल्याशिवाय चालू करू नका. एक मेगाओमच्या खाली असेल तर ती आधी सुकवायची.

जमिनीखालची टाकी

पूर येणार म्हटल्यावर बरेच जण टाकी रिकामी करतात. उलट करा, काठोकाठ भरा. भरलेल्या टाकीत बाहेरचं पाणी कमी शिरतं, आणि रिकामी टाकी भिजलेल्या मातीत वर उचलली जाऊन तडकू शकते. झाकणाला रबर असतो, पण ओव्हरफ्लोचा पाइप जमिनीलगत उघडा असतो आणि घाण तिथूनच येते. तो वर वळवा. पावसाचं पाणी जिरवायचा बोअर असेल तर त्याचं केसिंग पुराच्या रेघेच्या वर नेऊन टोपी लावा, नाहीतर ड्रेनेजचं पाणी थेट भूजलात जातं.

पाणी शिरलंच तर आजूबाजूची जमीन उतरल्यावर टाकी उपसून घासा, मग भरून ब्लीचिंग पावडर घाला. १०,००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची २ किलो, आधी बादलीत कालवून निवळी ओता. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा, म्हणजे पाइपही धुतले जातात. रात्रभर ठेवून ते पाणी सोडून द्या. नव्या पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्ध्या तासाने नळाला क्लोरीन टेस्ट किटवर लिटरला ०.५ मिग्रॅ दिसलं पाहिजे. उघड्या पोत्यातली गेल्या वर्षीची पावडर नको, तिचं क्लोरीन उडालेलं असतं. तोवर प्यायला उकळलेलं.

पावसाळ्याआधी वस्तीने मिळून

कॅचपिट मेमध्ये उपसा आणि गाळ त्याच दिवशी उचलायला लावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीत परत आत जातो. जाळ्यांना आळीपाळीने नावं लावा, कुठली जाळी कोण बघणार. लांब दांड्याचा फावडा आणि बॅटरी वॉचमनकडे. गणपतीच्या मांडवाचा दांडा किंवा फरशी जाळीवर आली तर हलवायला लावा. ऑगस्ट-सप्टेंबर हा नेमका पुराचा काळ आहे. आजवा आणि काळा घोड्याचे आकडे वाढायला लागले की गाड्या उंच रस्त्यावर नेऊन लावा. आकडा २६ च्या जवळ आला की नहाणीची बुचं बसवायला घ्या.

पाणी ओसरल्यावर आधी फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे, मग चिखल ओला असतानाच खरवडा. जिन्याखाली, गाड्यांमागे, कुंड्यांच्या आड आधी लांबून बॅटरी मारा आणि काठी आपटा. विश्वामित्रीच्या मगरी पुराबरोबर कंपाउंडमध्ये येतात आणि पाणी गेल्यावर कोपऱ्यात निपचित पडून राहतात. दिसली तर हाकलायला जाऊ नका, लोकांना वरच्या मजल्यावर ठेवा आणि वनखात्याला किंवा शहरातल्या प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांना बोलवा. त्यांचे नंबर लिफ्टजवळच्या फलकावर जूनमध्येच लावून ठेवा, कारण पुरात मोबाइलची बॅटरी संपलेली असते.